सतरा मिनिटांची सीडी

माजलगावात माझं दुकान एकवीस वर्षं चाललं. धान्याच्या मोंढ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर, खताच्या दुकानाच्या वर, ‘गायके कॉम्प्युटर्स’. दुरुस्ती, प्रिंट, विंडोज टाकून देणं ही कामं होतीच. पण मधली आठ-दहा वर्षं अशी गेली की जिना चढून येणारा दर दुसरा माणूस सीडीचं गाऱ्हाणं घेऊन यायचा. “भाऊ, सीडी निघंना.” “भाऊ, साठ टक्क्यावर अडकती.” “भाऊ, निघाली, पण वाजंना.” घरोघरी कॉम्प्युटर आले होते, त्यांत सीडी लिहिणारा राइटर होता, आणि बारशापासून कीर्तनापर्यंत सगळं लोकांना सीडीवर हवं होतं.

आता सीडी म्हणजे काय हेच काहींना सांगावं लागतं. कोरी सीडी म्हणजे प्लास्टिकची चकती. तिच्या वरच्या अंगाला रंगाचा पातळ थर, त्यावर चांदीसारखा मुलामा आणि त्यावर लेबल. राइटरमधला लेसर खालून, प्लास्टिकमधून जातो आणि त्या रंगावर बारीक बारीक डाग जाळतो. मधल्या भोकाजवळून सुरुवात, मग गोल गोल बाहेर. एकदा जळलं ते जळलं, परत कोरं होत नाही. त्यामुळे पूर्ण लिहून झाली तरच सीडी ‘निघाली’; लिहिताना मधेच काही अडलं की ती डिस्क कचऱ्यात. आणि अडायला कारणं पुष्कळ. हलक्या प्रतीची डिस्क, फार जास्त वेग, लेसरच्या भिंगावर धूळ, मागं चालू असलेलं अँटिव्हायरस, कमीजास्त होणारी लाइट. लोकांना वाटायचं मशिन बिघडलं. दहातल्या आठ वेळा मशिन ठीकच असायचं, आजूबाजूचं काहीतरी बिघडलेलं असायचं.

एक निवृत्त तलाठी होते. त्यांची सीडी सकाळी निघायची आणि संध्याकाळी निघायची नाही. दोनदा त्यांच्या घरी गेलो, केबल बदलली, राइटर बदलला, काही फरक नाही. तिसऱ्या खेपेला नुसता बसून राहिलो. पाच वाजले आणि शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली. खोलीतला बल्ब जरासा मंदावला, आणि लगेच पडद्यावर लाल फुली. तलाठीसाहेबांना म्हटलं, “साहेब, तुमचा कॉम्प्युटर चांगला हाय, शेजार बदला.” ते रागावले. नंतर तेच सगळीकडं हा किस्सा सांगत फिरायचे. उमापूरचा एक गृहस्थ तर भरलेली सीडी राखेनं घासून घेऊन आला. म्हणाला, “पुसून लख्ख केलीय, आता नवीन गाणी भरा.” असल्या कामात मजा होती. दोष कुठं आहे ते हुडकून काढायचं आणि समोरच्याचा चेहरा बघायचा. आपण या गावातले डॉक्टर आहोत असं वाटायचं मला तेव्हा.

पण डिस्कचा विषय निघाला की मला आधी एकच घर आठवतं, आणि त्यात मजा काही नाही.

महेश माझ्या ओळखीचा. कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, डोक्यानं हुशार, नोकरीच्या शोधात. वडील पोस्टमन होते, ते वारले. घरात आई, म्हणजे माझ्या लेखी मावशी, आणि महेश. त्याच्यासाठी जोडलेला कॉम्प्युटर मीच दिला होता. एके दिवशी त्या घरून फोन आला, पण महेशचा नाही.

“दादा, मी महेशची बहीण. रेखा. घरी येता का? सीडी निघंना.”

“मशिन दुकानात पाठवून द्या की ताई.”

“दुकानात आणायचं न्हाई.”

“कावून?”

“आल्यावर सांगते.”

रेखाचं लग्न गेवराई तालुक्यातल्या एका बड्या घरात झालं होतं. जमीन भरपूर, बागायती ऊस, सासरा एका शिक्षण संस्थेच्या कार्यकारिणीवर. मोठं स्थळ मिळालं म्हणून गल्लीत पेढे वाटलेले मला आठवत होते. सहा महिन्यांपूर्वी ती एका पिशवीनिशी परत आली होती. साडेचार वर्षांचा मुलगा त्या लोकांनी ठेवून घेतला होता.

मी गेलो तेव्हा ती कॉम्प्युटरसमोर बसलेली होती आणि टेबलावर सहा वाया गेलेल्या सीड्या ओळीनं मांडलेल्या होत्या. प्रत्येकीवर स्केच पेननं लिहिलेलं: कितव्या टक्क्याला अडकली, तेव्हा किती वाजले होते. एवढ्या वर्षांत असलं काम मी कुठल्याच गिऱ्हाइकाकडं बघितलं नव्हतं.

“काय लिहायचंय?” मी विचारलं.

“रेकॉर्डिंग हाय. सतरा मिनिटांचं.” मग माझ्याकडं न बघता तिनं सांगितलं. शेवटच्या दिवशी स्वयंपाकघरात मांडणीवरच्या डब्यामागं तिनं फोन चालू करून ठेवला होता. नंतर नवऱ्यानं फोन आपटून फोडला, पण आतलं कार्ड शाबूत राहिलं. त्यावरून फाइल कॉम्प्युटरवर घेतली आणि आठवड्यानं कार्डही बंद पडलं. आता फाइल फक्त या मशिनमध्ये. वकिलानं तीन सीड्या मागितल्या होत्या: एक कोर्टाला, एक पोलिसांना, एक समोरच्या पार्टीला. मुलाचा ताबा मिळण्यासाठी तिच्याकडं दाखवण्यासारखं तेवढंच होतं. सासरच्या शेजारपाजारच्या सगळ्यांनी साक्ष द्यायला नकार दिलेला. बाजारातल्या दुकानात हे नेलं तर संध्याकाळपर्यंत सासरच्यांना कळणार, म्हणून ती घरीच खटाटोप करत होती.

मी कामाला लागलो. तिनं टिपून ठेवल्यामुळे सोपं गेलं. अडकायच्या वेळा वेगवेगळ्या होत्या, टक्केही वेगवेगळे. म्हणजे फाइलमध्ये दोष नाही. डिस्का सुट्ट्या, बिननावाच्या, आणि वेग सगळ्यात वरचा. मी वेग एकदम खाली आणला, अँटिव्हायरस बंद केलं, माझ्या पिशवीतल्या चांगल्या डिस्का काढल्या. पहिली निघाली. दुसरी निघाली. तिसरी निघाली. त्या वाजतात का बघायला मी एकेक लावली; शेवटची जरा जास्त वेळ चालली. वाजवून बघितल्याशिवाय डिस्क हातात द्यायची नाही, हा माझा नियम होता.

चाळीस सेकंद ऐकलं असेल. भांडं पडल्याचा आवाज, बाईचं एक अर्धं वाक्य, पोराचं रडणं. मग एक वयस्कर, अजिबात न चढलेला आवाज: “दार लाव आधी.”

मी बंद केलं. तो आवाज मला ओळखीचा होता. ज्या संस्थेच्या कार्यकारिणीवर तिचा सासरा होता, त्याच संस्थेच्या शाळेतले चाळीस कॉम्प्युटर सांभाळण्याचं वर्षाचं काम माझ्याकडं होतं. दरवर्षी स्नेहसंमेलनात तो माणूस मुलींच्या शिक्षणावर भाषण करायचा.

रेखा म्हणाली, “दादा, एक सीडी तुमच्या दुकानात ठिवता का? जादाची?”

“ताई, कोर्टाची भानगड दुकानात नको. घरीच नीट जपून ठेवा, काही होत न्हाई.”

ती बरं म्हणाली. दुसऱ्यांदा विचारलं नाही.

मावशींनी चहा आणला. महेश बाहेरून आला, खुर्ची ओढून बसला, आणि नेहमीसारखं त्यानं काय झालं होतं, कसं केलं ते विचारलं. शिकायची हौस त्याला पहिल्यापासून. आणि मला सांगायची हौस. मी एक वाया गेलेली डिस्क हातात घेतली आणि म्हणालो, “लोकं खालची चमकदार बाजू जपतात. उलटं हाय बघ. खाली जाड प्लास्टिक असतं, तिथं चार ओरखडे पडले तरी चालतंय. नाजूक हाय ती वरची बाजू, लेबलची. माल सगळा त्याच्याच खाली. आणि हे आतलं कडं, भोकाजवळचं, इथं डिस्कची अनुक्रमणिका असती. इथं वरून नुसती टाचणी टोचली तरी खेळ खलास. मशिनला वाटतंय, डिस्क कोरीच हाय.”

महेशनं ती डिस्क हातात घेऊन उलटसुलट बघितली. “भारी हाय की राव,” म्हणाला.

मला बरं वाटलं होतं तेव्हा. हे इथं लिहून ठेवतो.

दहा-बारा दिवसांनी तारीख होती. महेशच मोटारसायकलवर बहिणीला घेऊन गेला. संध्याकाळी रेखाचा फोन: तिन्ही सीड्या उघडल्या नाहीत. वकिलाच्या लॅपटॉपवर नाही, कोर्टातल्या मशिनवर नाही. नुसती घरघर व्हायची आणि ‘डिस्क घाला’ असं यायचं. पुढची तारीख दिली होती.

मला पटेना. मी स्वतः वाजवून दिलेल्या डिस्का. पण कधी कधी एखाद्या राइटरची डिस्क दुसऱ्या मशिनला पचत नाही, हेही खरं. दुसऱ्यांदा गेलो तो माझा स्वतःचा राइटर घेऊन. वेगळ्या कंपनीच्या डिस्का, वेग तोच कमीतला, आणि तीन डिस्का, कानाला हेडफोन लावून, तीन वेगवेगळ्या मशिनवर वाजवून बघितल्या: तिच्या, शेजारच्या मास्तरांच्या घरी आणि माझ्या दुकानात. तिन्ही ठिकाणी सुरुवात वाजली, शेवट वाजला. घरी परत नेऊन दिल्या. रेखानं त्या कागदी पाकिटात घातल्या आणि कपाटात, साड्यांच्या खाली ठेवल्या. कपाट माजघरात, त्याला कुलूप नव्हतं.

दुसऱ्या तारखेलाही तेच. या वेळी समोरचे वकील कोर्टात हसले म्हणे. तिचाच वकील बाहेर आल्यावर तिला म्हणाला, “बाई, खरंच काही रेकॉर्डिंग आहे का? की माझा वेळ घालवताय?”

तिसऱ्या वेळी रेखानं मला बोलावलं तेव्हा दुपारचे बारा वाजले असतील. अंगणात ऊन होतं. ती पायरीवर बसली होती, तिन्ही सीड्या मांडीवर. महेश दारात, बोटाभोवती मोटारसायकलची किल्ली फिरवत. रेखानं आत आवाज दिला, “आई, तू बी ये बाहेर.” मावशी पदराला हात पुसत आल्या.

मी सीड्या घेतल्या. खालची बाजू बघितली, एकही ओरखडा नाही. लिहिलेलं कडं व्यवस्थित दिसत होतं. सतरा मिनिटांचं म्हणजे बोटाएवढं रुंद, बाकीच्या भागापेक्षा जरा गडद. मग सवयीनं मी डिस्क सूर्यासमोर धरली. चांगल्या डिस्कमधून उजेड येतो तो अंधुक, सगळीकडं सारखा. या डिस्कमधून भोकाजवळ चार ठिकाणी सुईच्या टोकासारखा लख्ख उजेड आला. दुसरी धरली. चार. तिसरीत पाच.

टाचणीची टोकं. लेबलच्या बाजूनं, आतल्या कड्यावर, जिथं मी बोट ठेवून दाखवलं होतं बरोबर तिथं.

मी मान वर केली. महेश माझ्याकडं बघत होता. किल्ली फिरायची थांबली होती. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, विनवणीही नव्हती. मी काय करतो याची तो वाट बघत होता, एवढंच. संस्थेच्या त्या शाळेत कारकुनाची जागा निघाली आहे आणि त्यात महेशचं नाव चालू आहे, हे मला तिथल्याच लॅबमध्ये कानावर आलं होतं. नोकरी कुणाच्या शब्दावर मिळणार होती हे वेगळं सांगायला नको.

“दादा,” रेखा म्हणाली, “नीट बघून सांगा. डिस्क कशानं गेली?”

मी हे कितीदा तरी परत मनात घोळवलं आहे. बोलायला एक वाक्य पुरे होतं: या डिस्कला कुणीतरी टोचलंय. नावही घ्यायची गरज नव्हती. पण त्या दोन-चार क्षणांत माझ्या डोक्यात काय काय आलं, ते सगळं लाज वाटण्यासारखं आहे. चाळीस कॉम्प्युटरचं काम आलं. तो न चढलेला आवाज आला. घरातलं भांडण आहे, भावाबहिणीचं आहे, आपण परके, असंही आलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, ही अक्कल महेशला कुणी शिकवली असं कुणी विचारलं तर, हेही आलं.

“माल खराब हाय ताई,” मी म्हणालो. “या लॉटमधी मुलामाच नीट बसला न्हाई. माझ्याकडच्या आणखी दोन-तीन गिऱ्हाइकांची तीच तक्रार हाय.”

“तिन्हीचा? आधीच्या तीन दुसऱ्या कंपनीच्या होत्या, त्यांचाबी?”

“होतं असं.”

“परत एकदा बघा.”

मी परत एकदा डिस्क उन्हासमोर धरली. खरोखर धरली. चार ठिपके. “मालच खराब,” मी म्हणालो.

मावशी म्हणाल्या, “जाऊ दे गं बाई. देवाच्याच मनात न्हाई.” आणि आत गेल्या. महेशची किल्ली परत फिरायला लागली.

मी रेखाला सांगितलं, उद्या येतो, नवीन डिस्का आणतो, आणि या वेळी थेट वकिलाच्या हातात नेऊन देऊ. हे मी मनापासून म्हटलं होतं. तेवढं केलं की आपलं फिटलं असं मला वाटत होतं. पण त्या ‘उद्या’ला मी शाळेच्या लॅबमध्ये गेलो आणि परवाला महेश दुकानात आला. मागं कॅरियरला बांधून घरचा कॉम्प्युटर आणला होता.

“दिगंबरभाऊ, व्हायरस लई झालाय. त्याच्यानंच सीड्या खराब व्हायलेत. फॉरमॅट मारा.”

“डाटा?”

“घेतलाय सगळा पेन ड्राइव्हवर.”

“ताईचं?”

“सगळं घेतलंय म्हणलं ना.”

फॉरमॅट करायच्या आधी मी दर गिऱ्हाइकाला दोनदा विचारायचो, आणि तरीही स्वतः एकदा फोल्डर उघडून बघायचो. त्या दिवशी विचारलं दोनदा. उघडून बघितलं नाही. रेखाला फोन लावायला नंबर माझ्या वहीत होता. तोही लावला नाही. तासाभरात मशिन नवं करून दिलं. महेश मदतीला थांबला होता. जाताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मला अजून जाणवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेखा स्वतः जिना चढून आली. बाजारपेठेतून एकटी चालत आली होती. आदल्या दिवशी ती वकिलाकडं गेली असताना महेशनं मशिन उचललं होतं. पेन ड्राइव्हवर महेशचा बायोडाटा होता, गाणी होती, भाच्याच्या बारशाचे फोटो होते. रेकॉर्डिंग नव्हतं. महेश म्हणत होता, घेतलं होतं, करप्ट झालं असणार.

“दादा, निघंल का काही?”

त्या दोन दिवसांत मी जेवढं मनापासून काम केलं तेवढं आयुष्यात केलं नसेल. हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशिनला लावली. पुसलेलं परत काढायची दोन-तीन सॉफ्टवेअर असतात, ती सगळी लावली. सामान्य माणसाला वाटतं फॉरमॅट केलं की सगळं जातं. तसं नसतं; मजकूर पडून राहतो, फक्त त्याचा पत्ता जातो. पण त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं की मग तो गेलाच. मीच विंडोज लिहिलं होतं, प्रिंटरचं, गेमचं, कसलंकसलं लिहिलं होतं. पुसलेल्यातलं पुष्कळ परत आलं. महेशचे दहावीचे मार्क आले. वडिलांच्या पेन्शनचे अर्ज आले. रेखाची फाइलही यादीत दिसली, बरोबर तारखेची, बरोबर आकाराची. उघडली तर नुसती खरखर. सतरा मिनिटं खरखर. तिनं ती पूर्ण ऐकली, दुकानात स्टुलावर बसून. मी मधे बंद करायला गेलो तर हातानंच थांबवलं. शेवटी उठली, “बरं,” म्हणाली आणि जिना उतरून गेली.

तेव्हाही मी बोललो नाही.

पुढचं मला गावातून कळत गेलं. मोठी माणसं मधे पडली, बैठक झाली. रेखानं तक्रार मागं घेतली, सोडचिठ्ठी आपसात झाली. मुलगा त्यांच्याकडं. दिवाळीत आणि उन्हाळ्यात आठ दिवस आईकडं पाठवायचं ठरलं. पहिल्या दिवाळीला पाठवला. दुसऱ्या दिवाळीला त्याला ताप होता म्हणे. मग पाठवलाच नाही. महेशला कारकुनाची ऑर्डर मिळाली. रेखा घरातून निघाली, अंबाजोगाईला एका मैत्रिणीच्या आधारानं राहिली, कोर्स केला आणि एका खासगी दवाखान्यात रिपोर्टच्या खिडकीवर लागली.

माझं शाळेचं काम आणखी दोन वर्षं राहिलं. मग संस्थेनं नवे कॉम्प्युटर बाहेरच्या एका मोठ्या कंपनीकडून घेतले आणि सांभाळायचं कामही त्यांनाच दिलं. मला साधा निरोपसुद्धा आला नाही. लॅबच्या दाराला नवीन कुलूप होतं, त्यावरून समजलं. हे सांगतो ते हळहळ म्हणून नाही. ज्यासाठी तोंड मिटलं ते किती दिवस पुरलं, एवढंच कळावं.

सीड्यांचा धंदा नंतर आपोआपच मेला. दुकानही बंद केलं. पोत्यात भरलेल्या शे-दीडशे वाया गेलेल्या डिस्का भंगारवाल्यानंही घेतल्या नाहीत. कुणी ज्वारीच्या वावरात पाखरं हुसकायला दोऱ्यानं बांधायला नेल्या, बाकी कचऱ्यात गेल्या.

या अंकासाठी दुकानाच्या आठवणी लिहायला बसलो आणि तलाठ्याची गिरणी, राखेची सीडी, असं सगळं भराभरा लिहून झालं. मग पेन अडलं. हे लिहायचं तर तिला न विचारता लिहिता येणार नव्हतं, आणि विचारायचं तर आधी सांगावं लागणार होतं. नंबर मिळवायला चार दिवस गेले. फोन लावायला आणखी सहा.

“बोला,” पलीकडून आवाज आला. मी नाव सांगितलं. मागं कुणीतरी पेशंटचं नाव पुकारत होतं.

“दादा, कसं चाललंय?”

मी ठरवून, पाठ करून ठेवलेलं सगळं विसरलो आणि एकदम म्हणालो, “ताई, त्या सीड्यांचा माल खराब नव्हता. टाचणीनं टोचलेल्या होत्या. मला त्याच दिवशी दिसलं होतं. टोचायचं कुठं ते महेशला माझ्याच तोंडून कळलं होतं.”

“ठाव हाय मला.”

“कधी कळलं?”

“तुमी यायच्या आधीच. सकाळी मी त्या उन्हात धरून बघितल्या होत्या. तुमी पहिल्या खेपेला महेशला समजावून सांगत होता, तवा मी काय आंधळी-बहिरी बसले न्हवते तिथं.”

“मग मला विचारलं कावून?”

“माझं कोण ऐकत होतं त्या घरात, दादा? मी म्हणले असते भावानं टोचलं, तर आईनं मलाच येडी ठरवलं असतं. तुमी परका माणूस, जाणकार. तुमी बोलला असता तर आईनं ऐकलं असतं. ती महेशला विचारणार होती मग. आईनं विचारलं असतं तर तो खोटं बोलला नसता, तेवढं मला म्हाईत हाय. म्हणून तिला बाहेर बोलावलं होतं. म्हणून दोनदा विचारलं.”

मावशी तीन वर्षांपूर्वी गेल्या. शेवटपर्यंत त्या हे देवाच्या मनात नव्हतं असंच धरून होत्या.

“मुलगा?” मी विचारलं.

“वीस वर्षांचा हाय आता. दिसतो कधी कधी फोटोत, कुणाच्या तरी स्टेटसला. उंच झालाय.” मग ती कुणाला तरी म्हणाली, “दोन मिनिटं थांबा मावशी, देते रिपोर्ट.”

मी घाईनं म्हणालो की हे लिहायचं आहे, तिची हरकत असेल तर नाही लिहिणार. माफीचंही काहीतरी बोललो.

“लिहा,” ती म्हणाली. “माझं नाव बदला. महेशचंबी बदला, त्याच्या पोरी उद्या लग्नाच्या व्हतील, त्यांचा काय दोष. तुमचं राहू द्या.”

आणि फोन ठेवला. तसंच केलं आहे.